अक्कांचा हरलेला डाव

इंदूअक्कांसमोर बुद्धिबळाला बसलेला माणूस मधेच डाव सोडून उठला, असं आमच्या शाळेत कधी झालं नाही. उठायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. वजीर गेला, हत्ती गेला, की माणूस खुर्ची मागे सरकवायचा आणि म्हणायचा, "संपलं अक्का, तुम्ही जिंकलात."

अक्का चष्म्यावरून बघायच्या. "मात झाली का?"

"नाही, पण होणारच की."

"मग होऊ द्या. बसा."

माणूस निमूट बसायचा. अक्का रीतसर मात करायच्या आणि मग टेबलाच्या खणातून भाजक्या शेंगदाण्यांचा डबा काढून त्याच्यापुढे सरकवायच्या. शेंगदाणे हरणाऱ्याला, जिंकणाऱ्याला काही नाही, असा तिथला रिवाज होता. मी इतके शेंगदाणे खाल्ले आहेत की माझ्या पित्ताचं निम्मं पाप अक्कांच्या माथी जावं.

जळगावच्या आमच्या शाळेत त्या हिंदी शिकवायच्या आणि मी विज्ञान. शिवाय आम्ही एकाच इमारतीत राहायचो, एकाच मजल्यावर, दारासमोर दार. त्यांचे यजमान भुसावळला रेल्वेत होते; मी राहायला आलो त्याच्या आधीच ते गेले होते. मूलबाळ नव्हतं. अंगाने किरकोळ, आवाज मात्र असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला गोंगाट करणारा वर्ग या टोकाच्या खोकल्याने शांत व्हायचा. एरवी शुद्ध, छापील मराठी बोलायच्या. राग आला किंवा जीव हलला, की भडगावकडची अहिराणी बाहेर पडायची. म्हणून पोरं त्यांच्या मराठीला घाबरत नसत, अहिराणी सुरू झाली की मात्र पळत.

परीक्षेत कोरा पेपर देऊन अर्ध्या तासात उठणाऱ्या पोराला त्या दारातच अडवायच्या. "येळ शे ना आजून? बस. काहीतरी लिही." पोरगं म्हणायचं, "येत नाही बाई." "येत नही हाई तरी हिंदीमा लिही!" आणि खरंच एकदा एकाने पानभर "मुझे नहीं आता" लिहिलं. अक्कांनी त्याला शुद्धलेखनाचे दोन गुण दिले आणि मुख्याध्यापकांशी त्यासाठी भांडल्या.

मुख्याध्यापकांवरून आठवलं. ते एकदा अक्कांवर दोन हत्तींनी चढे होते. अक्कांकडे राजा आणि एक अडलेलं प्यादं, बाकी काही नाही. सगळी शिक्षकखोली भोवती जमलेली. साहेब मोठ्या मनाने म्हणाले, "मॅडम, सोडा आता. तास आहे तुमचा."

"बेल झाली की जाईन. तोवर मात करा."

साहेबांना उगाच घाई झाली. त्यांनी हत्ती असा काही सरकवला की अक्कांच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. साहेब पटाकडे बघतच राहिले. अक्कांनी खडू उचलला आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "साहेब, जिंकलेला डाव सांभाळायला फार जड असतो." पुढे आठवडाभर साहेबांनी अक्कांच्या रजेच्या अर्जावर सही केली नाही, ही गोष्ट वेगळी.

जिंकलेला डाव घालवणं म्हणजे काय ते त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. ती गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. अक्का बुद्धिबळ शिकल्या त्या वडिलांकडून, भडगावच्या घराच्या ओट्यावर, थोरल्या भावाबरोबर. तिथे जुना देशी खेळ चाले. त्यात प्यादं पटाच्या पार टोकाला पोहोचलं की त्याचा दरवेळी वजीर होत नाही. ज्या घरात पोहोचलं त्या घरच्या मोहऱ्याचा मान त्याला मिळतो. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. नव्याने नोकरीला लागल्यावर अक्का धुळ्याला शिक्षकांच्या स्पर्धेत उतरल्या. स्पर्धेचे नियम अर्थातच आजचे. अक्कांचं प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं, आता वजीर येणार आणि डाव खलास. अक्कांनी ऐटीत तिथे घोडा ठेवला. समोरचे गृहस्थ चक्रावले. "बाई, वजीर नको तुम्हाला?" "घोड्याच्या घरात वजीर कसा येईल?" अक्कांनीच त्यांना समजावलं. पंच हसले, पण ठेवलेला घोडा काही त्यांनी बदलू दिला नाही. डाव गेला.

"बाबांनी जे शिकवलं ते हाडात बसलं हो," असं म्हणून त्या डोळे पुसायच्या. ते पाणी सगळंच हसण्याचं नसावं, असं मला पुढे वाटू लागलं.

कारण आखाजी आली की अक्का वेगळ्या दिसायच्या. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. दिवाळी एक वेळ सासरी निघेल, आखाजीला पोरीने माहेरीच असायला हवं. माहेरचं माणूस तिला न्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. आठ दिवस आधीपासून गल्लीत मुराळ्यांची ये-जा सुरू होई. झाडांना झोके बांधले जात, सांजोऱ्यांचा वास सुटे. अक्का त्या दिवसांत दार लावून पेपर तपासत बसायच्या. त्यांच्याकडे मुराळी येत नसे. आईवडील गेले असतील, असं मी धरून चाललो होतो. खरी गोष्ट कळली ती त्यांच्या वहिनींचा फोन आला तेव्हा.

मार्च संपत आला होता. संध्याकाळी अक्का माझ्या दारात उभ्या राहिल्या. "सर, मला दवाखान्यात सोडाल का? माझा भाऊ आहे तिथे."

स्कूटरवर मागे बसून त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या पाठीशी बोलणं त्यांना सोपं गेलं असावं. तीस वर्षांपूर्वी एका आखाजीला ओट्यावर बहीणभावाचा डाव रंगला होता. नाना, म्हणजे भाऊ, जिंकत होता. डाव चालू असतानाच अक्कांनी सांगितलं की भुसावळच्या अमुक मुलाशी लग्न करणार आहे. मुलगा जातीबाहेरचा. वडील आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "ऊठ. तुझं माहेर सरलं." अक्का उठल्या. नानाने पटावरून मान वर केली नाही. पुढे वडील गेले, आई गेली. अक्का दोन्ही वेळा दारापर्यंत जाऊन आल्या. नाना प्रत्येक वेळी एकच म्हणाला, "बाबांचा शब्द मी मोडणार नाही."

आता त्याच नानाची उजवी बाजू लकव्याने गेली होती आणि वाचाही.

दवाखान्यात वहिनी व्हरांड्यातच भेटल्या. साधी, दमलेली बाई. नाना बोलायचा प्रयत्नच करत नाहीत, हे अहिराणीत नवऱ्याला मानाने 'त्या' म्हणत सांगू लागल्या. "डॉक्टर म्हणतस, जीभ चालाडी तं बोलनं ई. पन त्या चालाडतसच नही, ताई. भितकडे तोंड करी पडेल शेतस. मी सांगं, माले सोडी चालनात का? तं डोया मिटी लेतस." मग हळूच म्हणाल्या, "तुम्हले मीच फोन करा. त्यास्ले माहीत नही."

आम्ही आत गेलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. चांगला दांडगा माणूस, पण गालाचं एक अंग ओघळलेलं. अक्कांना पाहून त्यांनी डोळे मिटले ते मिटलेच. अक्का स्टुलावर बसून राहिल्या. भेटीची वेळ संपली, तशा उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शिक्षकखोलीतला पट पिशवीत घालून घेऊन आल्या. जेवायचं फिरतं टेबल पलंगावर ओढून त्यांनी त्यावर पट ठेवला आणि मोहरी मांडायला लागल्या. सुरुवातीची मांडणी नव्हती ती. मधेच कुठेतरी सोडलेला डाव होता. नानांकडे उंट, घोड्याच्या पट्टीत खूप पुढे गेलेलं प्यादं आणि मागे आणखी तीन. अक्कांकडे मोहरं एकही नाही, नुसता राजा आणि तीन प्यादी. मला काय चाललंय ते कळेना. नाना छताकडे बघत होते. अक्कांनी शेवटचं प्यादं ठेवलं आणि हात मागे घेतला.

 मग नानांचा डावा हात चादरीखालून निघाला, पटावर आला आणि त्याने अक्कांनी ठेवलेलं एक प्यादं एक घर मागे सरकवलं. खेळी नव्हती ती, दुरुस्ती होती. अक्कांची आठवण एका घराने चुकली होती आणि नानांची चुकली नव्हती. तीस वर्षं तोही माणूस तो डाव मनात धरून बसला होता.  अक्का मान खाली घालून म्हणाल्या, "बराबर शे. तठेच व्हतं." एवढं बोलताना त्यांचा तो खणखणीत आवाज पार विरून गेला होता.

मग रोज संध्याकाळी एकदोन खेळ्या. नानांना मोहरं धरायलाच वेळ लागे. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, माझं दहा दिवसांचं काम पटाने केलं. पण तोंडातून शब्द नव्हता आणि खेळी झाली की मान पुन्हा भिंतीकडे. अक्कांचा डाव तर उघड हरलेला होता. ते प्यादं वजीर व्हायला फार दूर नव्हतं.

"जिंकू द्या ना त्यांना," मी वाटेत म्हणालो. वहिनीही तेच म्हणत होत्या. आजारी माणूस, तेवढंच समाधान.

अक्का भडकल्या. "सर, जिंकलेला माणूस चादर ओढून झोपतो. आमचा एवढा एकच डाव राहिला होता. तो जिंकला की मिटला, आणि मग मला तिथे येण्याचं कारणच उरत नाही. हरला, तर म्हणेल परत मांड. तेवढ्यासाठी तरी तोंड उघडेल." मग घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "पण त्यातून वाट नाही हो. इतकी वर्षं शोधतेय."

एका संध्याकाळी वहिनी सहज बोलून गेल्या, की नानांना दोनतीन वर्षांपासून मोबाईलवर बुद्धिबळ खेळायचा नाद लागला आहे, शेतात गेले तरी डोकं मोबाईलमध्ये.  त्या दिवसापासून अक्कांची खेळायची तऱ्हा बदलली. नानांच्या पुढच्या प्याद्याला अडवायचं सोडून त्यांनी आपल्या कडेच्या, हत्तीच्या पट्टीतल्या प्याद्याला चालवायला घेतलं. मला वाटलं, आशा सोडली. नाना जोरात आले. वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी आपला उंटसुद्धा देऊन टाकला. वजीर येणारच होता. मग त्यांनी प्यादं शेवटच्या घरात नेलं, ते उचललं आणि बाजूच्या मेलेल्या मोहऱ्यांतून वजीर घेऊन तिथे ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी अक्कांकडे सरळ पाहिलं.

अक्कांनी शांतपणे तो वजीर उचलला आणि त्या जागी घोडा ठेवला.

नानांच्या घशातून एक आवाज निघाला. डावं बोट वजिराकडे, पुन्हा पटाकडे.

"हाऊ डाव बाबास्ना ओटावर मांडेल शे, नाना," अक्का म्हणाल्या. "तवयना कायदा. घोडाना घरमा घोडा. बाबास्ना शबद तू मोडत नहीस ना?"

वहिनींनी तोंडाला पदर लावला. नाना अक्कांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. ज्या शब्दाखातर या माणसाने तीस वर्षं बहिणीला दारात उभं केलं नव्हतं, त्याच वडिलांचा हा नियम होता. तो मोडायचा तर तो शब्दही मोडावा लागणार. त्यांनी बोट मागे घेतलं. घोडा तिथेच राहिला.

पुढे चार संध्याकाळी लागल्या. अक्कांचं कडेचं प्यादं टोकाला पोहोचलं आणि हत्ती झालं, हत्तीच्या घरात हत्ती, बिनतक्रार. आता नानांचा राजा पळू लागला. मागची प्यादी एकेक करून गेली. देशी खेळात समोरचा राजा अगदी एकटा उरला तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून अक्कांनी नानांचा घोडा मारायची संधी येऊनही मारला नाही. त्याला तसाच जिवंत ठेवून त्यांनी नानांचा राजा कोपऱ्यात कोंडला आणि म्हणाल्या, "मात."

नानांनी सगळी घरं तपासली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेजारच्या पलंगावरचा म्हाताराही मान लांब करून पटाकडे बघत होता. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आत्ता या माणसाने भिंतीकडे तोंड फिरवलं तर सगळं संपलं, हे त्या खोलीत फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

नानांचे ओठ हलले. जीभ अडली. मान हलवून त्यांनी पुन्हा जोर केला. "मां... ड."

"काय म्हनतस?" वहिनी पुढे वाकल्या.

"परत... मांड," नाना म्हणाले. रागाने म्हणाले, अगदी हरलेल्या माणसासारखे.

"बोलनात! ताई, त्या बोलनात!" वहिनी रडायलाच लागल्या. अक्कांनी मोहरी मांडायला घेतली, पण राजा गेला वजिराच्या घरात आणि वजीर भलतीकडे. नानांनी डाव्या हाताने त्यांची मांडणी सुधारली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो आणि तिथे मला जे रडू आलं ते मी पाऊण तास आवरू शकलो नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

परतताना मी विचारलं, "ते घोड्याचं तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"वहिनीने मोबाईलचं सांगितलं तेव्हा जरा आशा वाटली," अक्का म्हणाल्या. "बाबांचा नियम तो एरवी विसरला नसता. पण मोबाईलवर सारख्या वजिराची सवय लागते हो."

पुढचे डाव नानांनी जिंकले, पुष्कळ जिंकले. शब्द परत आले ते बहुतेक भांडणाचे: "नही", "खोटं", "खेळी मांघे ले". मग त्यांना भडगावला नेलं आणि अक्कांच्या संध्याकाळी पुन्हा मोकळ्या झाल्या. फोन आला नाही. मी चौकशी केली की म्हणायच्या, "बोलायला लागला ना? झालं." पण दिवसातून दहादा मोबाईल उचलून बघायच्या.

त्याच उन्हाळ्यात मी निवृत्त झालो आणि धुळ्याला आलो. आमची पुन्हा भेट होण्याआधीच माझं बिऱ्हाड हललं होतं. पुढे फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या थंडीत त्या गेल्या, झोपेतच गेल्या. मला कळायला उशीर झाला. म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं दर्शन त्या वर्षीच्या आखाजीच्या आदल्या दिवशीचं.

सकाळचे दहा वाजले असतील, ऊन आताच चटके देत होतं. खाली जीप थांबली आणि तिचा भोंगा वाजू लागला. थांबेचना. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. पुढच्या सीटवर नाना. डोक्याला नवी टोपी, दोन गुडघ्यांच्या मधे काठी. त्यांना जिना चढणं शक्य नव्हतं. मागे वहिनी मांडीवर लुगड्याची घडी घेऊन बसलेल्या. नानांनी काच खाली केली आणि वर बघून, एकेक अक्षर ओढत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "इंदे! चाल! मी मुराळी उना शे!"

अक्कांचं दार उघडलं. त्या तयार नव्हत्या. हाताला भाकरीचं पीठ होतं. आत गेल्या, बाहेर आल्या, परत आत गेल्या. पिशवीत काय भरलं देव जाणे. कुलूप लावताना किल्ली कुलपात जाईना, ते मी लावून दिलं. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. चेहरा असा की सासरहून पहिल्यांदाच निघालेली पोर.

"सर, कोणी विचारायला आलं तर सांगाल? म्हणावं, अक्का माहेरी गेल्या."

जीप गेली. दुपारपर्यंत कोणीच विचारायला आलं नाही. मग मीच खाली उतरलो आणि दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या झोक्यावरच्या पोरींना सांगत सुटलो.